मणका सरकला का, हे एक्स-रेला विचारण्याआधी

ग्वाल्हेरहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: फिजिओथेरपीची पदवी झाली, त्यानंतर कायरोप्रॅक्टिकचा (हाताने जोर देऊन मणक्यांवर उपचार करण्याच्या पद्धतीचा) कोर्स केला. कोर्समध्ये फिल्मवर रेषा ओढून मणका किती सरकलाय ते मोजायला शिकवलं. पण पेशंट पिशवीतून फिल्म काढून समोर धरतो, तेव्हा नेमकं कुठे बघायचं तेच सुचत नाही. हाडांचे एक्स-रे वाचून स्वतः निदान करण्याइतकी तयारी कशी करायची, किती वेळ लागेल, आणि क्लिनिकमध्ये स्वतःचं मशीन घ्यावं का?

मी इंदूरमध्ये बरीच वर्षं मणक्याच्या आणि सांध्यांच्या पेशंटवर हाताने उपचार करते आहे. रेडिओलॉजिस्ट नाही, त्यामुळे जे लिहिते आहे ते आपल्यासारख्यांच्या गरजेपुरतं आहे असं समजा.

तुमची अडचण फिल्म वाचता न येण्याची आहे असं तुम्हाला वाटतंय. मला ती थोडी वेगळी दिसते. तुम्हाला उत्तर आधी शिकवलं गेलं आणि प्रश्न नंतर. ‘मणका सरकला आहे, तो कुठे ते शोधा’ असं डोक्यात घेऊन फिल्मकडे गेलं की सरकलेला मणका सापडतोच, कारण कुठलीच पाठ भूमितीच्या पुस्तकातल्यासारखी सरळ नसते. आणि तो सापडला की नजर तिथेच थांबते. शेजारच्या मणक्याचं एक पेडिकल (मणक्याला त्याच्या मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा छोटा खांब) गायब आहे, हे मग दिसत नाही.

या सवयीला इतिहास आहे. १८९५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्ट इथे डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीत वुर्झबर्गला राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. दोन्ही गोष्टी एका वयाच्या. १९१० मध्ये पामर यांच्या मुलाने, बी. जे. पामर यांनी, आपल्या शाळेत एक्स-रे आणला तो सरकलेले मणके दाखवण्यासाठीच. रेषा, कोन आणि मिलिमीटरांची सगळी परंपरा तिथून आली. पण आज त्याच व्यवसायातले लोक वेगळं सांगतात. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ मध्ये स्पष्ट सल्ला दिला की धोक्याची लक्षणं नसतील तर नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत मणक्याचे एक्स-रे काढू नयेत.

मग आपण फिल्म बघायची कशासाठी? माझं उत्तर एका ओळीचं आहे: या पेशंटला हात लावायचा नाही, हे कळण्यासाठी. जोर देऊन मान किंवा कंबर फिरवणाऱ्या माणसाला फिल्मकडून मिळणारी सर्वांत मोलाची माहिती हीच. बाकीचं निदान बहुतेक वेळा पेशंटच्या बोलण्यातून आणि तपासणीतून होतं.

आता तयारीला किती वेळ लागेल, ते खरंच परिस्थितीवर आहे. तुमचा कोर्स काही आठवड्यांचा होता की काही वर्षांचा, शरीररचना किती पक्की आहे, रोज किती फिल्म हाताखालून जातात आणि चूक दाखवणारं कोणी जवळ आहे का, यावर सगळं ठरतं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकट्याने हजार फिल्म बघितल्या तर एकच चूक हजार वेळा पक्की होते. आणि ‘स्वतः निदान’ म्हणजे स्वतःच्या सहीचा एक्स-रे रिपोर्ट असेल, तर तो विचार सोडा. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचाच असतो आणि तसाच असावा. आपण वाचायचं ते आपला निर्णय घेण्यासाठी.

सुरुवात नॉर्मल फिल्मपासून करा. हे सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही, कारण नॉर्मल फिल्म कंटाळवाणी असते. पण विशीतल्या, चाळिशीतल्या आणि सत्तरीतल्या नॉर्मल कमरा वेगवेगळ्या दिसतात. लहान मुलांत तर वाढीच्या रेषा फ्रॅक्चरसारख्या दिसतात. कोणाच्या पाचव्या लंबर (कमरेच्या) मणक्याचा एक पंखा, म्हणजे बाजूला निघालेलं हाड, सेक्रमला (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला) जोडलेला असतो, कोणाचा पहिला सेक्रल मणका सुटा राहून सहाव्या लंबरसारखा दिसतो. असा पेशंट असला की मोजणीच चुकते आणि एमआरआयवाला ज्याला एल-४ (चौथा लंबर मणका) म्हणतोय त्याला आपण एल-५ म्हणत बसतो.

फिल्म हातात आली की मी आधी हाडं बघत नाही. नाव, वय, तारीख आणि डाव्या-उजव्याची खूण बघते. हसू नका. एकाच घरातले दोन वडीलधारे एकाच सेंटरला जाऊन आले की पिशव्या बदलतात, आणि ‘कालच काढलाय’ म्हणून दाखवलेली फिल्म चार वर्षांपूर्वीची निघते. मग बघायचं की फिल्म पुरेशी आहे का. मानेच्या बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये सी-७ आणि टी-१, म्हणजे मानेचा शेवटचा आणि पाठीचा पहिला मणका, यांचा सांधा दिसलाच पाहिजे. जाड खांद्यांच्या माणसात तो बऱ्याचदा झाकला जातो. अपघाताचा पेशंट असेल आणि हा सांधा दिसत नसेल, तर ती फिल्म अपुरी आहे, नॉर्मल नाही. त्यानंतर पेशंट वाकडा उभा होता का ते बघा. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये स्पायनस प्रोसेस (मणक्याचं मागे निघालेलं, पाठीवर हाताला लागणारं टोक) दोन्ही पेडिकलच्या बरोबर मध्ये हवा. तो एका बाजूला गेला असेल तर पेशंट थोडा वळलेला आहे. तुमच्या कोर्समधल्या रेषा इथेच कोसळतात. उभं राहताना पाच अंश वळलेला धडधाकट माणूससुद्धा दोन-तीन मिलिमीटर ‘सरकलेला’ दिसतो.

मोजमापाबद्दल आणखी थोडं, कारण तुमचा अर्धा प्रश्न त्यावरच आहे. पाठीच्या बाकाचं मोजमाप जगभर कॉब यांच्या पद्धतीने होतं. त्यांनी ती १९४८ मध्ये मांडली. दहा अंशांच्या पुढे बाक असेल तरच स्कोलिओसिस (पाठ एका बाजूला वाकणं) म्हणायचं. एकच फिल्म दोन अनुभवी माणसांनी मोजली तर पाचेक अंशांचा फरक सहज पडतो, आणि तो सगळ्यांनी मान्य केलेला आहे. इतक्या ठळक, इतक्या जुन्या मापात एवढी ढिलाई असेल, तर दीड मिलिमीटरच्या भरवशावर कोणाची मान फिरवायची का, ते तुम्हीच ठरवा. सरकणं खरंच महत्त्वाचं असतं ते स्पॉन्डिलोलिस्थेसिसमध्ये. तिथे एक मणका खालच्यावर पुढे गेलेला डोळ्यांनी दिसतो आणि मेयरडिंगच्या पद्धतीने त्याची पायरी ठरते. खालच्या मणक्याच्या रुंदीच्या पाव भागापर्यंत गेला तर पहिली, अर्ध्यापर्यंत दुसरी, याप्रमाणे. तोही अनेकांना आयुष्यभर त्रास न देता असतो.

मानेच्या बाजूच्या फिल्मवर चार वक्ररेषा मनात ओढायला शिका: मणक्यांच्या पुढच्या कडांची, मागच्या कडांची, मणक्याची कमान जिथे स्पायनस प्रोसेसला मिळते तिथली, आणि स्पायनस प्रोसेसच्या टोकांची. त्या गुळगुळीत वळताहेत ना, एवढंच बघायचं. मग हाडांपुढची मऊ सावली. मोठ्या माणसात सी-२ समोर ती साधारण सहा-सात मि.मी. आणि सी-६ समोर बावीस मि.मी.च्या आत असावी. जास्त जाड दिसली तर तिथे रक्त, पू किंवा गाठ असू शकते. शेवटी अॅटलासची (मानेच्या पहिल्या मणक्याची) पुढची कमान आणि ओडोंटॉइड (दुसऱ्या मणक्याचा वर आलेला दात) यांमधली फट. मोठ्यांत तीन मि.मी., मुलांत पाच मि.मी., त्याच्या वर नको. संधिवाताच्या, म्हणजे र्‍हुमॅटॉइडच्या पेशंटमध्ये ही फट वाढलेली असू शकते, आणि नेमके हेच पेशंट ‘मान फार आखडते, जरा मोकळी करून द्या’ म्हणत येतात. अशा मानेला झटका देणं म्हणजे मज्जारज्जूशी खेळ.

मणक्यांच्या मागच्या कडेला लागून एक पांढरी उभी पट्टी दिसते का, हेही बघत जा. मागचं लिगामेंट (मणक्यांना बांधून ठेवणारा पट्टा) हाड बनून कडक झालेलं असतं. हा प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो. रामबागेतले एक आजोबा दर महिन्याला सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकडवून घ्यायचे. हाताला मुंग्या येऊ लागल्यावर माझ्याकडे आले, तेही ‘तुम्ही नीट कडकडवून द्या’ म्हणून. फिल्मवर सी-३ पासून सी-६ पर्यंत ती पट्टी होती. मी मानेला हात न लावता त्यांना न्यूरोसर्जनकडे पाठवलं. आजोबा माझ्यावर नाराज होऊन गेले, आणि सलूनवाल्याचं तर त्यांना फारच वाईट वाटलं. (आपल्या गावांमधल्या त्या मोफत कडकडीबद्दल कधीतरी वेगळं लिहायला हवं.)

आता एक गैरसमज. मानेच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला सारखं वाचायला मिळेल की मानेचा बाक कमी झाला आहे, स्नायू आखडल्याचं लक्षण. निम्म्या वेळा पेशंटने हनुवटी किंचित आत घेतलेली असते, बस. अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या मानाही सरळ असतात. या एका ओळीवर महिनाभराचं पॅकेज विकणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यात जाऊ नका.

कंबरेच्या समोरच्या फिल्ममध्ये प्रत्येक मणक्यावर दोन पेडिकल डोळ्यांसारखी दिसतात. वरून खाली येताना प्रत्येक मणक्याचे दोन्ही डोळे मोजायचे. एक डोळा मिटलेला दिसला तर कर्करोग हाडात उतरल्याची शंका घ्यायची आणि तिथेच थांबायचं. मी विद्यार्थ्यांना पहिले काही आठवडे दुसरं काही बघूच देत नाही, फक्त पेडिकल मोजायला लावते. त्यांना ते पोरकट वाटतं. पण ही सवय बोटांत बसल्याशिवाय बाकीचं शिकून उपयोग नाही.

मग मणक्यांमधल्या गाद्यांची उंची आणि त्यांना लागून असलेल्या हाडाच्या कडा. इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण आपल्या भागात तो रोज कामाला येतो. कर्करोग बहुधा हाड खातो आणि गादी सोडून देतो. जंतुसंसर्ग गादी आणि तिच्या वरच्या-खालच्या दोन्ही कडांना धरतो. म्हणजे एकच गादी अरुंद, तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा धूसर किंवा कुरतडलेल्या, आणि बाजूची सोआस (कण्यापासून मांडीकडे जाणाऱ्या) स्नायूची तिरकी रेषा फुगलेली किंवा पुसलेली दिसली, तर पहिला विचार क्षयाचा. एक तिशीतली बाई कित्येक महिन्यांच्या पाठदुखीसाठी आली होती. रिपोर्टमध्ये ‘झीज’ एवढंच लिहिलेलं. पण तिशीत बाकी सगळ्या गाद्या ठणठणीत आणि एकच बसलेली, असं का? विचारलं तेव्हा संध्याकाळचा बारीक ताप आणि सैल झालेल्या बांगड्या, दोन्ही निघालं. एमआरआय झाला आणि क्षयाची औषधं सुरू झाली. फिल्ममध्ये दिसलं ते फार थोडं होतं. फिल्मने फक्त पुढचा प्रश्न विचारायला लावला.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. हाडातली खनिजं तीस ते पन्नास टक्के गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर पोकळी नीट दिसत नाही. क्षय, कर्करोग आणि संसर्ग यांच्या सुरुवातीला फिल्म स्वच्छ असू शकते. म्हणून वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वीचा कर्करोग, दीर्घकाळ स्टिरॉइड, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यांपैकी काही असेल तर नॉर्मल फिल्म बघून निर्धास्त होऊ नका. शेवटचं लक्षण असेल तर फिल्म बघत बसूसुद्धा नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवा.

इंदूरला बसल्यामुळे मला दोन गोष्टी जास्त दिसतात. ग्वाल्हेरला कदाचित कमी दिसतील, पण माहीत हव्यात. झाबुआ आणि धारकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्या माणसाची पाठ फिल्मवर खडूसारखी पांढरी दिसते, लिगामेंटं हाड बनलेली असतात, आणि पुढच्या हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यातही हाड जमलेलं असतं. पाठ ताठ झाली म्हणून असा माणूस ‘मोकळी करा’ म्हणतो, पण ती मोकळी होण्यातली नाही. शंका आली तर कोपरापासून मनगटापर्यंतची एक फिल्म पुष्कळ सांगून जाते. दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींचा आकार बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराची. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भिल्लबहुल पट्ट्यात तो आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यातल्या शहडोलमधून सुरू झाली. त्यात मणक्यांच्या वरच्या-खालच्या कडा मधोमध खोल बसून मणका इंग्रजी एच अक्षरासारखा होतो, आणि मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठा तुटून चपटा पडतो. तरुण मुलगा, खुब्यात किंवा पाठीत दुखणं, आणि गाव त्या पट्ट्यातलं, एवढं जुळलं की मी रक्ततपासणीआधी काही करत नाही.

तरुण मुलांत सेक्रोइलियॅक सांधेही (सेक्रम आणि खुब्याच्या हाडामधले) रोज बघा. सकाळी तासभर ताठर असणारी, चालल्यावर बरी वाटणारी पाठ, आणि हे सांधे धूसर, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा (कणा ताठ करत जाणाऱ्या संधिवाताचा) विचार. पुढच्या टप्प्यात मणके एकमेकांना जोडले जाऊन पाठ बांबूसारखी होते. ती कणखर दिसते पण जोर दिला तर काडकन मोडू शकते.

सगळ्यात शेवटी फिल्मच्या कडा. मानेच्या फिल्मवर फुप्फुसांची टोकं येतात, कंबरेच्या फिल्मवर मूतखडे आणि महारोहिणीतलं कॅल्शियम. आपल्याला हवं ते सापडलं की कडा बघायच्या राहतातच, म्हणून मी त्या मुद्दाम उठून, एक पाऊल मागे जाऊन बघते.

झीज सापडली म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं मानू नका. न दुखणाऱ्या माणसांच्या सीटी आणि एमआरआयच्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज होती. ही माणसं पाठ दुखत नसलेली होती, हे पुन्हा एकदा वाचा. ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणून घाबरलेल्या पेशंटला मी हे आकडे सांगते. बऱ्याच जणांचं अर्धं दुखणं तिथेच उतरतं.

सराव कसा करायचा, तर रिपोर्ट पाकिटातच राहू द्या. आधी फिल्म बघून स्वतःचा पाच ओळींचा रिपोर्ट वहीत लिहा, मग रेडिओलॉजिस्टचा उघडा. फरक लाल शाईने लिहा. पुढे एमआरआय झाला किंवा ऑपरेशन झालं तर काय निघालं, तेही त्याच पानावर. शहरातल्या एखाद्या रेडिओलॉजिस्टशी ओळख करून घ्या आणि दुपारच्या रिकाम्या वेळात तासभर शेजारी बसू द्याल का, असं सरळ विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. त्यांनाही कधीतरी कोणाला तरी समजावून सांगायचं असतं. आणि ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेले व्हॉट्सअॅपवरचे फोटो वाचायची सवय लावून घेऊ नका. त्यात करड्या छटा मरतात, कडा कापल्या जातात, कधी डावं-उजवं उलटतं. सीडी मागा. तिच्यावरच्या डायकॉम (मूळ डिजिटल एक्स-रेच्या) फाइल बघायचे मोफत प्रोग्राम मिळतात.

आता मशीन. परमाणु ऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्याशिवाय एक्स-रे मशीन चालवता येत नाही. मंजूर प्रकारचं मशीन, भिंतींची योग्य जाडी, प्रशिक्षित माणूस, कर्मचाऱ्यांच्या छातीवर मात्रा मोजणारे बिल्ले, हे सगळं त्यात आलं. ते जमेलही. माझा आक्षेप दुसरा आहे. कंबरेच्या एका तपासणीत साधारण दीड मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो, आणि निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळतो तो जगाच्या सरासरीने सुमारे २.४. एका पेशंटला हे काहीच नाही. पण मशीन घरात आलं की त्याचा हप्ताही येतो, आणि मग ज्याला गरज नाही त्याचीही फिल्म निघते, उपचारानंतर ‘मणका जागेवर आला का’ म्हणून पुन्हा एक निघते. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी दर महिन्याच्या पाच तारखेला तो हप्ता तुमच्या निर्णयात डोकावणारच. घेऊ नका. त्या पैशांच्या एका लहान तुकड्यात चांगला मॉनिटर येतो, आणि ज्याला खरंच फिल्म हवी त्याला कोणता व्ह्यू हवा आणि का, हे लिहिलेली चिठ्ठी देऊन जवळच्या सेंटरला पाठवता येतं. चिठ्ठीत ‘कंबर, एपी आणि लॅटरल’ (समोरून आणि बाजूने) एवढंच लिहू नका. ‘तीन महिने दुखणं, संध्याकाळी ताप, एल-१ वर दाबल्यावर दुखतं’ असंही लिहा. रिपोर्ट लिहिणारा मग नेमका तिथे दोनदा बघतो.